मोजणी

समाधान नावाचा पोरगा दसकहून आला,
खांद्यावर पिवळ्या वायरीचं वेटोळं.
मावशी, राउटर कुठं लावू?
देवघराशेजारी, म्हटलं. तो म्हणाला, नको,
मधे कपाट येतंय, लोखंड सिग्नल खातं.
मग हॉलमध्ये लावला, कॅलेंडरच्या खिळ्याखाली.
जाताना म्हणाला, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डपण अ‍ॅडमिन,
सगळ्यांकडे हाच असतो.

सगळ्यांकडे हाच असतो!
मी त्याला चहा दिला, बोलले काही नाही.

वायफायचा पासवर्ड यांनी स्वतःचा मोबाइल नंबर ठेवला
आणि वाटला बिल्डिंगभर,
विरजण द्यावं तसा.

मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली.
शीट उजेडाकडे धरायची,
पाण्यातला चेहरा पुसट नाही ना, तार सरकली नाही ना.
सुटताना मोजणी. एक शीट कमी भरली
तर गेट उघडायचं नाही,
मग घरी पोर तापानं फणफणलेलं का असेना.
डबेसुद्धा उघडून बघायचे, भाकरी उलटून.
राग नव्हता त्याचा.
आकडा जुळला की अंग हलकं व्हायचं, बस.

तीन महिन्यांनी नेट रांगायला लागलं.
यांना झोप लागल्यावर चष्मा लावला,
समाधानला विचारून लिहून घेतलेला कागद पुढ्यात.
आधी अ‍ॅडमिन बदलला.
मग यादी उघडली, जोडलेल्यांची.
घरात वस्तू चार. यादीत अकरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकेकाला तोडत गेले
आणि कान देऊन बसले.
पहिल्याला आतून आवाज: अगं, मॅच गेली!
तो आमचाच टीव्ही. परत जोडला.
दुसऱ्याला वरच्या गांगुर्ड्यांकडचं गाणं
कडव्याच्या मधेच थांबलं.
तिसऱ्याला डक्टमधून निरगुडेबाई,
तुमचंपण गेलं का हो नेट?
मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, बघते हं.
चौथा पार्किंगमध्ये कुणाला तरी शिव्या देत होता.
अशी सगळी बिल्डिंग ओळखीची झाली,
वीस वर्षं जिन्यात भेटून झाली नव्हती एवढी.

अकराव्याला मात्र कुठंच काही वाजलं नाही.
नाव नव्हतं त्याला, नुसते आकडे आणि अक्षरं जोडीजोडीनं.
नोंद बघितली. रोज रात्री दोन दहाला येतो,
चारच्या आत जातो.
घेत फारसं काही नाही.
रेघ एकच, म्हणजे लांबून, भिंतीपलीकडून कुठून तरी.
जागी राहिले एकदा. गॅलरीत उभी राहिले.
दूध केंद्राचं बंद शटर, त्यापुढे एक कुत्रं,
लांब एकलहऱ्याच्या धुराड्यांवरचे लाल दिवे.
माणूस कुठंच नाही.
हातात मोबाइल, त्यात तो जोडलेला.

कमी भरलं तर काय करायचं ते माहीत होतं.
जास्त भरलं तर?

पासवर्ड बदलला. चांगला लांब,
त्यात ना पोरांची नावं ना लग्नाची तारीख.
यांनासुद्धा सांगितला नाही, मीच टाकून दिला फोनमध्ये.
इथंही लिहिणार नाही.
कागदावरचा शेवटचा मुद्दा: पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क.
तेही केलं. सकाळी निरगुडेबाई वाटी घेऊन आल्या,
वाटी भरून दिली, पाहुण्यांचा पासवर्डही दिला.
हे दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.
मग राउटरवर धूळ बसते म्हणून
स्वतःच फडकं मारायला लागले.

आता घरचे चार, पाहुणे सहा.
रोज निजताना बघते. दहाच्या दहा.

आणि दोन दहाला आपोआप डोळे उघडतात.
यादी उघडते. कुणी नाही.
मोजणी जुळलेली आहे,
तरी गेटपाशीच उभी आहे मी,
डबा हातात धरून.