हीट नंबर सतरा

शिरोलीत रात्रपाळीला, भट्टीच्या तोंडाशी
बाबालाल मुजावर चमच्यातला रस बघतो.
बाप त्याचा गुळव्या, वडणग्याच्या गुऱ्हाळावर;
दोन बोटांत पाकाची तार ताणून
म्हणायचा, काहील उतरवा.
इथं सोळाशे अंश. बोटांचं काम नाही.

सोळा वेळा मोडलं.
कडक होतं, पण काचेसारखं,
खाडकन, आतले दाणे चकाकत.
मी गंधक उतरवलं, निकेल चढवलं,
व्हॅनेडियम चिमूटभर.
मालकांनी बिल बघून चष्मा पुसला.

याचा आकडा खाणीच्या पाळण्याला लागणार.
खाली माणसं.
मोडायचंच झालं
तर आधी सांगून मोडावं, एवढंच मागणं.

सकाळी दांडी यंत्रात.
काटा चढला, रेंगाळला,
आणि दांडी लांबायला लागली,
मधोमध बारीक होत,
तरी सोडेना.
टक्के लिहायचे राहून गेले माझे.

तुटली तेव्हा एका टोकाला वाटी, दुसऱ्याला शंकू.
पाळी संपूनही थांबलेल्या बाबालालनं
तुकडे जुळवून पाहिले,
करड्या रेशमी तोंडावरून अंगठा फिरवला.
"तार आली की, मॅडम," म्हणाला,
आणि डबा उचलून सायकलकडं गेला.