हातमोजा

चार वाजता तिनं दार वाजवलं नाही,
खिडकीवर बर्फाचा खडा मारला.
चाळीस वर्षं हेच.
मिलोइका. पाठीवरच्या पिशवीत अक्रोडाची पोतित्सा,
तोंडात कालचंच भांडण,
जिथं सोडलं होतं बरोबर तिथून पुढे.

खाली झिरोव्नित्सा झोपलेलं.
चर्चच्या घड्याळाचे ठोके
लार्चच्या झाडांपर्यंत सोबत आले, मग परत फिरले.
उरला बुटांना बांधलेल्या दातांचा आवाज:
कर्र. दम. कर्र.
पहाटेचा बर्फ काचेसारखा,
एकेक पाऊल त्याला पटवून द्यावं लागतं.

आमच्या या डोंगराचं नाव श्टोल, म्हणजे खुर्ची.
आधी धाकटी खुर्ची, मग थोरली.
देवानं स्वतःला बसायला केली, असं माझी आई म्हणायची.
"केली असेल," मिलोइका म्हणते,
"बसलेला कुणी बघितलाय?"

दक्षिणेच्या उतारावर बर्फ फाटला होता.
आत मागल्या वर्षीचं गवत,
झोपेत चेपल्या गेलेल्या केसांसारखं,
आणि काठाला भोक पाडून वर आलेली जांभळी फुलं,
इतकी ओली, की हात लावायची लाज वाटावी.
मी थांबले. ती थांबली नाही.
"अकरानंतर बर्फाचं ऐकायचं असतं, आपलं नाही. चल."

थोरल्या खुर्चीच्या माथ्यावर सीमेचा दगड.
इकडून एक देश, तिकडून दुसरा,
दोन्हीकडून गोठलेला सारखाच.
त्याच्याशेजारी बर्फात एक तपकिरी ठिपका.
मला वाटलं लार्चचं काही उडून आलंय.
मिलोइका गुडघ्यावर बसली.
मधमाशी.
वाऱ्यानं एवढ्या वर आणून टाकलेली.

तिनं उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला,
माशी तळहातावर घेतली
आणि तिच्यावर तोंडानं वाफ सोडत राहिली,
चष्मा पुसायच्या आधी सोडतात तशी.
"चहा," म्हणाली, माझ्याकडे न बघता.
झाकणातला एक थेंब, मधाचा, कोमट.

या हिवाळ्यात तिच्या चौदा पेट्यांपैकी
किती गप्प झाल्या, हे गावाला माहीत होतं.
मला शेजारणीकडून कळलं होतं.
तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं,
म्हणून तर आम्ही रोज
लाकडांच्या भावावरून भांडत होतो.

माशीनं एक पाय हलवला.
मग दुसरा. मग जणू काही झालंच नाही अशी
तोंड पुसू लागली.
तेवढ्यात गुडघ्याजवळचा हातमोजा निघाला:
आधी हळू, विचार करत,
मग बर्फाच्या छज्जावरून थेट ऑस्ट्रियात.
ना पासपोर्ट, ना निरोप.
आम्ही वाकून बघितलं, जेवढं वाकण्यात शहाणपण होतं तेवढं.
मिलोइका हसायला लागली
आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं,
आणि मग ते हसू नव्हतं.

माशी उडाली.
तीही तिकडेच, उत्तरेला, चुकीच्या बाजूला.
"माझी नव्हती," मिलोइका म्हणाली.
"माझ्या एवढ्या वर येत नाहीत."

उतरताना बर्फाची खीर झाली होती.
मांडीपर्यंत रुतत होतो,
एकमेकींना उपटून काढत होतो मुळ्यासारख्या.
माझा उजवा हातमोजा पाळीपाळीनं:
शंभर पावलं ती, शंभर मी.
ती मोजण्यात लबाडी करत होती. मीही.

झाडांची पहिली ओळ आली तेव्हा,
पाठमोरीच, बुटातला बर्फ झटकत ती म्हणाली,
"पाच राहिल्या."
मी म्हटलं, "पाच."
एवढंच.
मग दोघींनी दगडावर बसून पोतित्सा संपवली,
तळाचे तुकडेसुद्धा,
आणि लाकडांचा भाव पुन्हा काढला.

रात्री पिशवी रिकामी करताना दिसलं,
माझा उजवा तिच्याकडेच राहिलाय.
फोन हातात घेतला होता.
ठेवून दिला.