हॉर्नचा रिले

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला काटा लालात गेला
आणि बॉनेटखालून गोडसर, उकळता वास.
पंखा गप्प.

अंबडला शनिवारची सुट्टी, शटरं खाली.
एकट्या रऊफ मिस्त्रींचं अर्धं वर.
"झाकणाला हात नको लावूस," म्हणाले,
"तोंड भाजेल. आधी चहा."

गाडी निवली. चालू करून एसी लावला,
पंखा ढिम्म.
फ्यूज उपसून उन्हात धरला, तार शाबूत.
मग बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला
तर असा गरगरला
की माझी पीयूसीची पावती उडून गटारात.

"मोटर जिवंत आहे," ते म्हणाले,
"हिला कुणी हाक मारत नाहीये."

हाक मारणारी ती काळी डबी,
काड्यापेटीहून लहान.
नवी सोमवारी मिळेल.
तोवर त्यांनी शेजारची उपटली, हॉर्नची,
जुळी बहीण, तेच चार पाय,
आणि अंगठ्याने दाबून बसवली पंख्याच्या जागी.
टक्.

काटा मध्यावर. हॉर्न मुका.

तशीच निघाले. त्रिमूर्ती चौक, मुंबई नाका,
आडव्या रिक्षा, द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
अंगठा सवयीनं दाबत होता,
काही वाजत नव्हतं.
द्वारकेला शेवटी काच खाली केली:
"दादा, जरा सरकता का?"

सरकला तो स्कूटरवाला.
वर म्हणाला, "ताई, पंखा फार घोंगावतोय तुमचा."

घोंगावू दे, म्हटलं.