आउट

कुपवाडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
मी एकच काम केलं: आउट काढला.
जॉब चकमध्ये बांधायचा, डायल टेकवायचा,
काटा थरथरला की हातोडीची हलकी टिचकी,
परत फिरवायचं, परत बघायचं,
काटा मेल्यासारखा गप्प होईस्तोवर.
सरळ शाफ्टला आमच्यात देवाइतका मान.

परवा मुजावर मॅडम आल्या.
आठवीच्या वर्गाला ग्रह करून द्या म्हणाल्या,
आठच्या आठ, स्वतःभोवती फिरणारे.
हाताने लिहिलेला कागद पुढे केला.
पृथ्वीसमोर होतं: साडेतेवीस अंश कललेली.
म्हटलं, मॅडम, एवढा आउट?
असला माल आमच्याकडे रिजेक्ट होतो.
हसल्या. म्हणाल्या, चौगुले,
हा आउट काढलात तर
हळदीचा पाला कधी वाळायचा
ते कुणी ठरवायचं?

मग बांधला एकेक.
गुरू सगळ्यांत मोठा आणि पळायला सगळ्यांत चपळ,
एका फेरीला दहा तासही घेत नाही,
त्या वेगापायी कमरेत सुटलेला.
तिथे चार मिलिमीटर मटेरियल जादा ठेवलं.
बुध पितळेचा, बोराएवढा.
शुक्र उलटा. त्याच्यासाठी पट्ट्याला
मराठी चारसारखा तिढा द्यावा लागला.
आणि चाल अशी, की वर्ष सरतं
तरी ह्याची एक गिरकी पुरी होत नाही.
ठेकेदाराकडे असले दोघेतिघे बघितलेत मी.

एक गोष्ट मात्र डोक्यात अडकली.
स्विच बंद केल्यावरही चक फिरत राहतो,
मग बेअरिंग त्याला हळूहळू धरतं.
विचारलं, ह्यांचं बेअरिंग कुठे? ग्रीस कोण भरतं?
नाहीच, म्हणाल्या. धरायला कुणी नाही म्हणून तर फिरताहेत.
धूळ गोळा होताना जी गिरकी बसली, तीच अजून.
आपल्याला तेवढा चंद्राने किंचित ब्रेक लावलाय,
शंभर वर्षांत दिवस लांबतो दोनेक मिलीसेकंद.
असा टॉलरन्स
मी उभ्या जन्मात धरला नाही.

शेवटी युरेनस.
अठ्ठ्याण्णव अंश. म्हणजे आडवाच,
कुशीवर पडून फिरणारा.
कशाने पडला?
कधीतरी काहीतरी मोठं आदळलं असावं, म्हणाल्या.
बघायला कोण होतं तिथे.

सुकुमार माझ्या पलीकडच्या मशीनवर होता.
सतरा वर्षांपूर्वी, तिसऱ्या शिफ्टला,
चकची चावी उडाली.
मी पाठमोरा. आवाज ऐकला फक्त.
वळलो तर तो फरशीवर,
आणि मशीन आपलं चालूच.
मी स्विच बंद केला.
आणि चक पूर्ण थांबेपर्यंत, कुणाला सांगितलं नाही आजवर,
तिथेच उभा राहिलो, चककडे बघत.

तो आता गेटवर असतो.
मान एका बाजूला टाकून, उरलेल्या डोळ्याने
पास तपासतो.
युरेनस त्यालाच आधी दाखवला.
अंगठ्याने गरकन फिरवला त्याने,
कानाजवळ नेला, बराच वेळ धरला.
म्हणाला, भूपाल,
आडवा आहे. पण आउट नाही रे.

साडेपाचचा भोंगा झाला.
गेट उघडायला तो उठला.