पाचवं बोट

वडगावच्या बाजारातनं आणली चार पिल्लं,
चपलेच्या खोक्यात, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून.
विकणारा म्हणाला, बँटम हायत, बुटकी राहत्यात.
पुढचं काय इचारू नका,
अंडी आमच्या दाजीनं आणल्याली.

आता खोकं कॉटखाली. साठचा बल्ब,
बल्बला जुन्या चाळणीची टोपी.
गिरिजानं वहीत रेघा मारल्या:
नाव. वजन. रंग. जात.
हुपरीच्या मामाचा चांदीचा काटा आणला,
एकेक भरलं अडीच तोळे, वर थोडा चिवचिवाट.
तीन रकाने एका दुपारीत संपले.

एकाच्या पायाला पिसं, थेट नखापर्यंत,
लोकरी मोजे घालून चिखलात उतरल्यागत.
एकाला शेपूटच नाही,
वाक्य संपायच्या आधी कागद संपावा
तशी मागं नुसती गोलाई.
तिसऱ्याला जी पिसं फुटतायत ती उलटी,
डोक्याकडं वळलेली, सदा भांडून आल्यासारखी.
आणि चौथं काळ्या कातडीचं. पिसं कसली, कापूसच तो.
पायाला बोटं पाच.

हिंदुराव म्हणाले, काळं म्हणजे कडकनाथ, विषय कट.
शौकत शिकलगारांच्या घरात तीन पिढ्या असील.
त्यांनी चोच उघडून बघितली, मिटली,
हात धोतरासारख्या लुंगीला पुसला: भेसळ.
दवाखान्यात मगदूम डॉक्टर चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
सिल्की असावी थोडी, थोडी कोचीन,
पहिली पिसं झडून दुसरी येऊ देत,
तोवर मी सही करणार नाही.
समोरच्या आक्का दारातूनच म्हणाल्या,
जात कुठली?
त्यांचे डोळे खोक्यावर नव्हते.
आम्ही या गल्लीत सामान उतरवलं
त्या दिवशीही आवाज हाच होता, इतकाच गोड.

मी टर्नर. उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर.
ड्रॉइंग द्या, माप द्या, निम्म्या सुताचा फरक
मी नखानं सांगतो.
रविवारी व्हर्नियर लावला काळ्याच्या पायाला.
माप आलं.
पिल्लू व्हर्नियरवर शिटलं.
ड्रॉइंग कुठून आणू?

रात्री लाईट गेली.
खोक्यात आधी ओरड, मग नुसती थरथर.
डावा हात आत सोडला
तशी चौघं तळव्याखाली घुसली, एकमेकांच्या अंगावरून,
मोजेवालं, बिनशेपटीचं, भांडकुदळ,
आणि ते काळं, ज्याची बोटं
माझ्या बोटांत अडकली.
माझ्या डाव्या हाताला चार आहेत.
एक नव्याण्णव साली शेपरनं नेलं,
मालकानं रुमाल दिला, दोन दिवसांची रजा.
कोंबडीला चार असतात, माणसाला पाच.
अंधारात मी दोनदा मोजलं.
एकूण बरोबर येत होतं.
हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी काढला नाही,
आणि लाईट आली तेव्हा
उगाच लाजल्यासारखं झालं.

सकाळी वहीत बघतो तर चौथ्या रकान्यात
चौघांपुढं मिळून एकच महिरपी कंस,
आणि पेन्सिलीनं: वाढतायत.
हेडमास्तरांसारखी मी खाली सही ठोकली.

आक्कांना पहिली अंडी द्यायची का नाही
ते घरात अजून ठरलेलं नाही.
चारही कोंबडे निघाले
तर तेवढं एक भांडण वाचेल.