पुंगळी

वरणगावच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं
काडतुसांची बुडं पाहिली.
भिंगाखाली एकेक : वर्ष, लॉट, आमची खूण.
सुटीच्या दिवशी वाण्याने दिलेलं नाणंसुद्धा
आधी उलटं करून बघायचो,
बायको हसायची.

एका वर्षी रात्रपाळ्या वाढल्या.
काही पेट्यांवर ठिकाणच नव्हतं लिहिलेलं.
चावदस म्हणाला, बिनपत्त्याचं पत्र
शेवटी लिहिणाऱ्याकडेच येतं.
आम्ही हसलो. ओव्हरटाइम मिळाला.
मी छताचा पंखा घेतला.

मग रेडिओवर शब्द आला : शांतिसेना.
सरोद्यांचा हेमराज भुसावळला मद्रासच्या गाडीत बसला,
बाजूच्या रुळावर केळीच्या वॅगनी
दिल्लीकडे तोंड करून.
सोबत कळण्याच्या भाकरी, भरताचा डबा,
आणि साहेबांचं एक वाक्य :
भांडण सोडवायचंय फक्त.

भांडण सोडवणाऱ्याचीच बंडी आधी फाटते
हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.
पण नकाशा पसरताना
गल्लीला कोण विचारतं.

चौदा महिन्यांनी तो आला,
पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून.
म्हणाला, काका, त्यांना आमची शिट्टी कळायची.
आम्ही आडवे कधी होणार, उठणार कधी,
सगळं पाठ.
आपल्याच डोंगरांत शिकून गेलेली पोरं ती.
एक तर वायरलेसवर आमच्या सुभेदाराला म्हणाला,
"उस्ताद, आगे मत आना."
आवाजात आदर होता, काका.
आम्हाला पुढे जायचा हुकूम होता.

मग खिशातून पुंगळी काढली,
त्यांच्या बाजूच्या माडाखाली सापडलेली,
आणि ठेवली माझ्या तळहातावर.

त्याची माय अंगणात बिबडे वाळत घालत होती.
"काय लिव्हेल हाये भाऊ त्याच्यावर?
तुम्ही त वाचता."

बाहेर शेहेचाळीस डिग्री. डोक्यावर पंखा.
मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
भिंगाची गरजच नव्हती.
म्हटलं, गंज चढलाय वहिनी, दिसत नाही काही.

पितळ कळकतं, गंजत नाही.
हेमराजला हे माहीत होतं.
तो काही बोलला नाही, कुबडी घेऊन उठला,
मायला बिबडे उलटायला मदत करू लागला.

पुंगळी त्याने परत मागितली नाही.
माझ्या देवळीत आहे अजून,
बुड भिंतीकडे करून.