नऊ बाय अकरा

पुढची खोली बारा बाय सोळा.
त्यातून पलंग वजा, कपाट वजा, मोरीचा कठडा वजा,
दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी अम्मा वजा.
उरतं नऊ बाय अकरा.
हेडसेट म्हणतो, हद्द आखा.
मी फरशीवर निळी रेघ ओढत नेते
अम्माच्या तंबाखूच्या वीतभर अलीकडून.

डॉक्टर म्हणाले, नायनांना रोज अर्धा तास चालवा.
चालवा म्हणे. एप्रिलात, विणकर वसाहतीत,
जिथं नऊ वाजताच पत्रे तडतडतात
आणि डांबर चपलेचा तळ सोडत नाही.
म्हणून त्यांना तलाव बांधून दिला,
सिद्धेश्वराचा, पहाटे सहाचा,
काठाकाठानं सरळ जाणारी वाट.

सरळ वाट अकरा फुटांत बसवायची
तर पायांशी थोडं खोटं बोलावं लागतं.
पाच पावलांवर भिंत.
भिंतीच्या अलीकडे मी एक बगळा सोडते.
तो त्यांच्या डोक्याभोवती एक फेरी घालतो,
नायना त्याच्यामागे मान, मग खांदे, मग टाचा फिरवतात.
तिकडे गिरकी पुरती होते, इकडे अर्धीच.
तिकडे तोंड पुन्हा वाटेकडे,
इकडे पाठ भिंतीला.
डोळा सांगेल ते पाय ऐकतात.
माझ्या धंद्याचं सगळं भांडवल एवढंच.

तिसऱ्या दिवशी म्हणाले,
"ह्या तलावाला एकच बगळा हाय का?"
मग एक पतंग केला, एक शेंगावाला केला,
मागून "ओ सत्तय्या" अशी हाक मारणारा एक माणूस केला,
त्याला तोंड दिलं नाही.
नायना वळून म्हणायचे, "आलो, आलो."

आठवड्यानं पावलांचा नकाशा उघडला.
रेघांवर रेघा, बॉबिनचं सूत सांडावं तशा,
आणि खिडकीच्या अंगाला एक कोरी जागा.
पाच बाय सात. कडा सरळ. कोपरे काटकोनात.
तिथं काही नाही आता.
सात महिन्यांपूर्वी माग भंगारात गेला, किलोवर.
चौकट उचकटून काढली तेव्हा दारातून निघाला.
तेलाचा डाग मी स्वतः घासलाय.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन सोडून
नायनांकडे बघत बसले.
दहा माणसं शेजारी शेजारी चालतील अशा काठावर
माझे वडील पोट आत घेऊन
तिरके सरकत होते,
लुंगीचा सोगा मुठीत,
पट्ट्यात अडकू नये म्हणून.

कोन वाढवून पाहिला. जग आणखी चार अंश कलवलं.
पाय त्या कडेपर्यंत यायचे
आणि डोळ्याचं ऐकेनासे व्हायचे.

तेव्हा तलावच बदलला.
तेवढ्याच मापाचा एक दगडी कट्टा तिथं बसवला,
वाट मुद्दाम चिंचोळी केली.
नायना आले. थांबले.
"बरं केलं कुणीतरी," म्हणाले,
आणि बसायला वाकले.

दगड लॅपटॉपात होता, खाली नुसती शहाबादी.
काखेत हात घालून कसंबसं धरलं मी त्यांना.
दोघांचाही श्वास चढला होता.
अम्मानं कात्री खाली ठेवली नाही.
फक्त बघितलं.

सकाळी उठले तर
पलंगाखालची पत्र्याची ट्रंक खिडकीशी आलेली,
वर जुन्या चादरीची चौघडी,
आमच्याच मागावरची, मोराची, काठ थोडा चुकलेला.
मी हद्द पुन्हा आखायला घेतली.
अम्मा म्हणाली, "राहू दे,"
आणि सूप घेऊन ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

नायना पाच पावलं आले,
बगळ्याला वळले, हाकेला वळले,
कट्टा हातानं चाचपला आणि बसले.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "आज तलावावर तंबाखूचा वास येतोय."

"काय की," मी म्हटलं,
"वारं तिकडचं असेल."